सैनिकी वैद्यक शिक्षण : वैद्यकीय अपात्रता व सूट

सशस्त्र सेनांच्या खर्चाने वैद्यक शिकून पुढे ठराविक काळ सेनेत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करण्याचे बंधन स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्यास प्रवेशापूर्वी सेनेने ठरविलेली शारीरिक व मानसिक आरोग्याची मानके पूर्ण करावी लागतात. वैद्यकीय मंडळाच्या तपासणीत ती पूर्ण झाली नाहीत, तर विद्यार्थी गुणानुक्रमे कितीही वर असला, तरी त्यास प्रवेश मिळत नाही. या निर्णयास वैद्यकीय अपात्रता म्हणतात. अपात्र ठरविणारा दोष असल्याचे मान्य करूनही सेनेने स्वतःच्या अधिकारात उमेदवारास घेणे, यास सूट म्हणतात. अपात्रतेविरुद्ध दाद मागणे आणि सूट मिळणे या दोन गोष्टींत पुष्कळदा गल्लत केली जाते. दाद मागणारा ‘हा दोष मला नाही’ किंवा ‘तो आता राहिलेला नाही’ असे म्हणतो. सूट देणारा ‘दोष आहे, पण चालेल’ असे म्हणतो. भारतात दाद मागण्याची तरतूद सविस्तर आहे, व्यक्तिगत सूट मात्र जवळजवळ नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुटीसाठी स्वतंत्र अधिकारी असतात. प्रवेशेच्छू विद्यार्थ्याच्या दृष्टीने दोन्ही देशांतील पद्धतींमधील सर्वांत मोठा फरक हाच होय.

भारतातील या प्रकारच्या शिक्षणाचे केंद्र पुणे येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय हे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून, सेनेच्या वैद्यकीय दलातील वेगवेगळी प्रशिक्षण केंद्रे एकत्र करून, १ मे १९४८ रोजी ते स्थापन झाले. आरंभी तेथे सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांचेच प्रशिक्षण होई. एम्.बी.बी.एस. पदवीचा शिक्षणक्रम ४ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झाला. पुणे विद्यापीठाशी असलेली त्याची संलग्नता पुढे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली. पदवीच्या पहिल्या काही तुकड्यांत मुलीही होत्या. १९६३ मध्ये प्रवेश घेतलेल्या पुनिता अरोरा या २००४ साली भारतीय सेनेतील पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या, तर त्याच काळात तेथे शिकलेल्या पद्मा बंदोपाध्याय या वायुसेनेतील पहिल्या महिला एअर मार्शल झाल्या. याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी माधुरी कानिटकर या लेफ्टनंट जनरलच्या पदावरून निवृत्त झाल्यावर २०२१ मध्ये वर उल्लेखिलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

महाविद्यालयाची पूर्वी स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असे. आता ‘नीट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरून उमेदवारांची पहिली निवड होते. निवडलेल्यांना पुण्यास बोलावून इंग्रजीचे आकलन व तर्कशक्ती यांची चाचणी आणि मुलाखत घेतात, आणि त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. उमेदवार अविवाहित असावा लागतो. मुलामुलींच्या जागांची संख्या स्वतंत्रपणे ठरलेली असते. शिक्षणाचा खर्च शासन करते. त्याच्या बदल्यात विद्यार्थ्याने सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेत स्थायी कमिशन किंवा सात वर्षांचे अल्पमुदतीचे कमिशन घेऊन काम करावयाचे असते. हे बंधन मोडणाऱ्यास करारात ठरलेली रक्कम भरावी लागते आणि ही रक्कम वेळोवेळी वाढविण्यात आली आहे. विद्यार्थ्यास ‘वैद्यकीय छात्र’ म्हणतात. तो रुग्णालयात शिकत असला, तरी सेनेच्या दृष्टीने भावी अधिकारी असतो आणि त्याच्या आरोग्याची मानकेही अधिकाऱ्याचीच असतात.

मानकांमागील कारणे : डॉक्टरला बंदूक चालवावयाची नसते, मग त्याचा पाय सपाट असला किंवा गुडघे एकमेकांस लागत असले, तर काय बिघडते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो अगदीच चुकीचा नाही. सेनेचे उत्तर असे, की वैद्यकीय अधिकारी केवळ पुणे किंवा दिल्लीच्या रुग्णालयात राहत नाही. नवा अधिकारी बहुधा पलटणीबरोबर पाठविला जातो, आणि पलटण सियाचीनच्या हिमनदीवर असो, वाळवंटात असो वा युद्धनौकेवर असो, तो एकटाच डॉक्टर असतो. तो आजारी पडला, तर शेकडो सैनिकांची शुश्रूषा थांबते. दुसरे कारण आर्थिक आहे. काही वर्षांच्या खर्चानंतर तयार झालेला अधिकारी सेवेसाठी निरुपयोगी ठरला, तर तो खर्च वाया जातो आणि निवृत्तिवेतनाचा भार वर पडतो. म्हणून आज धडधाकट असलेल्या, पण पुढे बळावू शकणारा दोष असणाऱ्या उमेदवारालाही मंडळ नाकारते. अपात्र ठरलेल्या तरुणांना सर्वांत जास्त खटकते, ते हेच. कारण त्यांना कोणताच त्रास होत नसतो. ही मानके भविष्याचा अंदाज करतात, वर्तमानाचा निवाडा करीत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांतील अनेक तरतुदींचा अर्थ लागतो.

तपासणी व मानके : खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशसूचनेबरोबर संघ लोकसेवा आयोग सेनांची वैद्यकीय मानके विस्ताराने प्रसिद्ध करतो. वैद्यकीय शाखेसाठी काही मर्यादा, विशेषतः दृष्टीच्या, वेगळ्या व सौम्य असतात. पण तपासणीची रीत सर्वत्र सारखीच असते. तीत उंची, वजन, छाती, रक्तदाब, हृदय, फुप्फुसे, पोट, हाडे व सांधे, त्वचा, नाक-कान-घसा, डोळे व दात यांची तपासणी, रक्त व मूत्र यांच्या चाचण्या, छातीचे क्ष-किरण छायाचित्र आणि पोटाचे श्राव्यातीत ध्वनिचित्रण यांचा समावेश असतो. मुलींची तपासणी शक्यतो महिला डॉक्टर करतात.

मानकांतील आकडे बारकाईचे आहेत. ऐकण्याची चाचणी उमेदवाराची पाठ परीक्षकाकडे ठेवून, ६१० सेंमी. अंतरावरून कुजबुजल्यासारखे बोलून, प्रत्येक कानासाठी वेगळी घेतात. दातांना गुण दिलेले असून किमान १४ गुण लागतात. रक्तदाब सतत १४०/९० मिमी. पाऱ्याच्या वर राहिला, तर उमेदवार नाकारला जातो. मात्र डॉक्टरांच्या नुसत्या दर्शनाने रक्तदाब वाढणारे पुष्कळ असतात, हे मंडळास ठाऊक असल्यामुळे शंका आल्यास २४ तासांची नोंद घेतली जाते. सरळ उभे राहून गुडघे जुळविले असता घोट्यांमधील अंतर मुलांत ५ सेंमी.पेक्षा व मुलींत ८ सेंमी.पेक्षा कमी असावे लागते. हात सरळ खाली सोडला असता कोपराजवळ दंड व पुढचा हात यांमध्ये जो कोन होतो, त्यास वहन कोन म्हणतात. भूसेनेच्या मानकांत तो मुलांसाठी १५° व मुलींसाठी १८° यांहून अधिक चालत नाही. या कोनाने आजवर अनेकांची निराशा केली आहे, कारण तो जन्मजात असतो, त्याचा त्रास होत नाही आणि मंडळापुढे उभे राहीपर्यंत बहुतेकांना त्याचे नावही माहीत नसते. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी काम करणाऱ्या डॉक्टरला दोनतीन अंशांचा फरक कितपत नडतो, हा प्रश्न विचारार्ह आहे. परंतु मंडळापुढे तो काढता येत नाही.

अपस्मार, मधुमेह, गंभीर मनोविकार, हृदयाच्या झडपांचे विकार, एकच मूत्रपिंड असणे, दम्याचा पूर्वेतिहास, कानातून दीर्घकाळ वाहणारा पू ही अपात्रतेची ठळक कारणे होत. पाठीच्या कण्याची बाजूस झालेली वक्रता ठराविक अंशांपलीकडे चालत नाही. रंग ओळखण्याची क्षमता इशिहारा तक्त्यांनी तपासतात. जपानी नेत्रतज्ञ इशिहारा यांनी १९१७ मध्ये हे तक्ते प्रसिद्ध केले. ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा वाचता येतो की नाही, यावर सेवेच्या शाखेनुसार वेगवेगळा निर्णय होतो व वैमानिकासाठी तो सर्वांत कडक असतो. [⟶ रंगांधत्व].

तात्पुरती व कायमची अपात्रता : मंडळाचा निर्णय ‘पात्र’, ‘तात्पुरता अपात्र’ किंवा ‘कायमचा अपात्र’ असा असतो. अंतर्गळ, मूळव्याध, वृषणाभोवतालच्या नीलांची गाठ, जलवृषण, नाकाचा वाकडा पडदा, सुजलेल्या गलग्रंथी, कानातील मळ व अधिक वजन हे दोष दुरुस्त होण्याजोगे असल्यामुळे तात्पुरत्या अपात्रतेत मोडतात. शस्त्रक्रिया करून व्रण भरल्यावर उमेदवार पुन्हा तपासणीस जाऊ शकतो. व्रण भरण्यास किती अवधी जावा, हेही शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असते. मळ काढून घेणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र महिने थांबावे लागते आणि तोवर प्रवेशाचे वर्ष निघून जाते.

चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी करण्यात येणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेविषयी विद्यार्थ्यांत व पालकांत विशेष गैरसमज आढळतो. सेनांच्या अधिकारी-प्रवेशाच्या मानकांप्रमाणे ही शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांपूर्वी झालेली नसावी, तिला १२ महिने उलटलेले असावेत, स्वच्छमंडलाची जाडी ४५० मायक्रॉनांपेक्षा कमी नसावी, डोळ्याची अक्षीय लांबी २६ मिमी.पेक्षा अधिक नसावी, आणि उरलेला नंबर १ डायॉप्टरच्या आत असावा. बारावीनंतर वैद्यकीय महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी बहुधा १७ ते १९ वर्षांचा असतो. म्हणजे ‘सेनेत जायचे आहे’ म्हणून त्या वयात घाईने करून घेतलेली शस्त्रक्रिया त्याचा मार्ग मोकळा करीत नाही, उलट बंद करते. साध्या चष्म्याने काम भागले असते, अशी उदाहरणेही यात असतात. कारण वैद्यकीय शाखेत चष्मा लावणारे अधिकारी पुष्कळ आहेत.

मानकांतच सामावलेली एक सवलत उंचीची आहे. गुरखा आणि ईशान्य भारत, गढवाल व कुमाऊँ येथील पहाडी लोकांसाठी किमान उंचीची मर्यादा कमी ठेवलेली आहे, आणि १८ वर्षांखालील उमेदवारास वाढीला वाव असल्यामुळे थोडी सूट मिळते. ही सूट व्यक्तीला नसून वर्गाला आहे. अमुक उमेदवार हुशार आहे, म्हणून त्याच्यापुरती उंचीची मर्यादा एक सेंटिमीटरने खाली आणण्याचा अधिकार मंडळास नाही.

रक्ताचे आनुवंशिक विकार : विदर्भाच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग रक्ताशी निगडित आहे. दात्र-कोशिका म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला सिकल सेल हा विकार विदर्भातील काही आदिवासी व अन्य समाजांत आढळतो. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर मूल रोगी होते. एकाकडूनच आले, तर ते वाहक होते. वाहकास सामान्यतः कोणताही त्रास नसतो व त्याच्या रक्ताचे साधे परीक्षण बहुधा प्राकृत दिसते. थॅलॅसेमियाच्या वाहकाचे रक्त मात्र थोडे फिकट व तांबड्या कोशिका लहान दिसतात. त्यामुळे लोहाच्या कमतरतेचा समज होऊन वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, असेही घडते.

सेनेच्या प्रसिद्ध मानकांपैकी वायुसेनेसंबंधीच्या भागात या दोन प्रकारच्या पांडुरोगांत स्पष्ट भेद केलेला आहे. लोहाच्या कमतरतेमुळे आलेला सौम्य पांडुरोग आढळल्यास उमेदवारास चार ते सहा आठवड्यांसाठी तात्पुरते अपात्र ठरवून पुन्हा तपासतात आणि रक्त प्राकृत झाले, तर घेतात. हीमोग्लोबिनाचे आनुवंशिक विकार असल्यास मात्र तो अपात्र ठरतो. त्यांत दात्र-कोशिका रोगाबरोबर थॅलॅसेमियाचे सर्व प्रकार, अगदी बीटा थॅलॅसेमियाची निव्वळ वाहकावस्थाही, गणली आहे. एकाच फिकटपणाचे दोन अर्थ निघतात. एकावर काही आठवड्यांचे औषध पुरते, दुसऱ्यावर काहीच करता येत नाही. आणि आपण कोणत्या गटात आहोत, हे हीमोग्लोबिनाच्या विद्युत् संचारण परीक्षेवाचून कळत नाही.

या बाबतीत मानके कशी बदलतात, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसते. तेथील वायुसेना अकादमी दात्र-कोशिकेच्या वाहकांना प्रवेश नाकारीत असे. हा विकार मुख्यतः कृष्णवर्णीयांत आढळत असल्यामुळे त्यावर पक्षपाताचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये हा नियम मागे घेण्यात आला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र प्राथमिक सैनिकी प्रशिक्षणाच्या काळात वाहकांतील आकस्मिक मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सु. २८ पट असल्याचे दिसले. पुढे उष्णतेत करावयाच्या कसरतींसाठी पाणी, विश्रांती इत्यादींचे दंडक कडक करण्यात आले. २०१६ मध्ये सु. ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांच्या पाहणीत वाहकांतील मृत्यूचे प्रमाण इतरांएवढेच आढळले. अतिश्रमाने स्नायुतंतू झिजून जाण्याचा धोका मात्र सु. दीडपट होता. म्हणजे धोका खरा होता, पण त्यावर उपाय माणसे वगळणे हाच नव्हता. भारतीय मानकांच्या फेरविचारात हा दाखला उपयोगी पडण्याजोगा आहे. भारतात राष्ट्रीय सिकल सेल पांडुरोग निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली व तीत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची मोठ्या प्रमाणावर चाचणी करण्याचे योजिले आहे. त्यामुळे आपण वाहक असल्याचे कळलेले तरुण पुढील काळात वाढत जाणार आहेत.

दाद मागण्याच्या पायऱ्या : पहिल्या मंडळाने अपात्र ठरविलेल्या उमेदवारास अपील वैद्यकीय मंडळाकडे जाता येते. अपात्रतेचे कारण व अपिलाची रीत मंडळाच्या अध्यक्षाने त्यास सांगावयाची असते. अपील मंडळात संबंधित अवयवाचा तज्ञ सेनेच्या मोठ्या रुग्णालयात उमेदवारास नव्याने तपासतो. प्रबोधिनीच्या प्रवेशात हे अपील पहिल्या तपासणीपासून ४२ दिवसांत पुरे व्हावे लागते. तेथेही निर्णय विरुद्ध गेला, तर तिसरी पायरी पुनर्विलोकन मंडळाची असते. त्यासाठी अपील मंडळाचे काम संपल्यापासून एका दिवसात अर्ज करावा लागतो. पुनर्विलोकन हा उमेदवाराचा हक्क नसून ते मंजूर करणे न करणे सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांच्या मर्जीवर अवलंबून असते.

या तिन्ही पायऱ्यांवर विचारला जाणारा प्रश्न एकच : मोजमाप बरोबर आहे काय? कोन १७° नसून १४° आहे, रक्तदाब भीतीने वाढला होता, शस्त्रक्रिया होऊन गाठ नाहीशी झाली आहे, असे सिद्ध झाले, तर उमेदवार पात्र होतो. कोन खरोखरच १७° असेल, तर तिन्ही मंडळे मिळूनही त्यास पात्र ठरवू शकत नाहीत. खाजगी डॉक्टरचे प्रमाणपत्र मंडळापुढे ठेवता येते, परंतु निर्णय मंडळाच्या स्वतःच्या तपासणीवर होतो. उच्च न्यायालयांकडे गेलेल्या प्रकरणांत न्यायालये सामान्यतः वैद्यकीय मताच्या जागी आपले मत ठेवीत नाहीत. दोन मंडळांच्या निष्कर्षांत उघड विसंगती असेल, तर क्वचित तिसऱ्या रुग्णालयात तपासणी करविण्याचा आदेश देतात.

अशा व्यवस्थेत वेळ हेच खरे भांडवल ठरते, आणि ते सर्वांकडे सारखे नसते. उदा., वाशिम जिल्ह्यातील मानोरा हे अरुणावतीच्या खोऱ्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. बंजारा समाजाचे पोहरादेवी हे तीर्थक्षेत्र याच तालुक्यात आहे. वाशिम जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील विद्यार्थी ‘नीट’च्या तयारीसाठी अकोला, नांदेड किंवा लातूर येथे जातो. दोन वर्षांची मेहनत व घरचा पैसा खर्चून तो पुण्याच्या महाविद्यालयाच्या निवडीपर्यंत पोहोचतो आणि आपल्या नाकाचा पडदा वाकडा आहे किंवा रंग ओळखण्यात दोष आहे, हे त्यास तेथे प्रथमच कळते. पुण्यामुंबईच्या सैनिकी वसाहतीत वाढलेल्या मुलाने याच गोष्टी आठवी-नववीतच तपासून घेतलेल्या असतात. मानोऱ्याच्या मुलास पुण्यात राहून अपिलापूर्वी शस्त्रक्रिया करावयाची, की राज्याच्या प्रवेशफेरीत मिळालेली जागा धरावयाची, याचा निर्णय थोड्या दिवसांत व बहुधा दूरध्वनीवरून घरच्यांना विचारून करावा लागतो. अपिलाची वाट पाहत फेरी हुकली, तर दोन्हीकडच्या जागा जाण्याचा संभव असतो. मानके सर्वांना एकच असतात. त्यांची माहिती मात्र एकसारखी पोहोचत नाही.

शालेय मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष, न्यूनताजन्य विकार, दृष्टी व श्रवण यांची तपासणी होते. तिचा उद्देश सेनेची पात्रता ठरविणे हा नाही. तरीही चष्मा लागणारे, कान वाहणारे किंवा रक्त फिकट असणारे मूल वेळीच हेरले जाते, आणि रंगज्ञान, कण्याची वक्रता व वहन कोन एवढ्यांचीच भर कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात घालता येण्यासारखी आहे. त्यासाठी तक्त्यांचे एक पुस्तक व एक कोनमापक पुरतो.

अमेरिकेतील सूट : अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती संपुष्टात येत असताना सेनेला डॉक्टर कोठून मिळणार, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून १९७२ मध्ये एक कायदा करून दोन मार्ग उघडण्यात आले. एक, बेथेस्डा येथील सैनिकी आरोग्यविज्ञान विद्यापीठ. तेथील विद्यार्थी पहिल्या दिवसापासून अधिकारी असून वेतन घेतो व पुढे सात वर्षांची सेवा देतो. दुसरा, आरोग्यव्यवसाय शिष्यवृत्ती. हीत विद्यार्थी कोणत्याही नागरी महाविद्यालयात शिकतो, शुल्क सेना भरते व तो सामान्यतः शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षाबद्दल एक वर्ष सेवा देतो.

तेथील मानकेही काटेकोर आहेत. वयाच्या तेराव्या वाढदिवसानंतर दमा झालेला असेल, तर उमेदवार अपात्र होतो. डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेस वयाची अट नाही. परंतु शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर ८ डायॉप्टरांपलीकडे नसावा आणि शस्त्रक्रियेनंतर १८० दिवस गेलेले असावेत. लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावर अलीकडच्या काळात औषधे घेतलेल्यासही अडचण येते. मात्र तपासणी करणारे मंडळ केवळ ‘मानक पूर्ण’ किंवा ‘मानक अपूर्ण’ एवढेच सांगते. पुढचा अधिकार भूसेना, नौसेना किंवा वायुसेना यांपैकी ज्या सेनेत उमेदवार जाणार, तिच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा असतो. ते दोषाचे स्वरूप, उपचाराचे कागद, श्वसनक्षमतेसारख्या नव्या चाचण्या आणि त्या वर्षीची सेनेची गरज पाहून सूट देतात अथवा नाकारतात. एकाच उमेदवारास एका सेनेने नाकारावे व दुसरीने घ्यावे, असेही होते. सूट हा हक्क नसतो, तिला अपील नसते आणि डॉक्टरांची टंचाई असेल तेव्हा ती सैल होते. भारतीय पद्धत कठोर असली, तरी तीत मर्जीला वाव कमी आहे. अमेरिकन पद्धत लवचिक आहे, पण तिचा निकाल आधी सांगता येत नाही.

प्रवेशानंतर : प्रवेशाच्या वेळची नोंद पुढे आयुष्यभर उपयोगी पडते, आणि म्हणून पूर्वीचा आजार लपविण्याचा मोह घातक ठरतो. लपविलेली गोष्ट उघडकीस आल्यास नियुक्ती रद्द होऊ शकते. उलट, नोंद स्वच्छ असेल, तर तिचे संरक्षण मिळते. धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी असा निर्णय दिला, की सेवेत घेताना एखाद्या विकाराची नोंद झालेली नसेल, तर सैनिक त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरले पाहिजे. पुढे उद्‍भवलेला विकार सेवेमुळे झालेला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नसून शासनावर आहे. १९८५ मध्ये भरती झालेल्या या सैनिकास अपस्माराच्या झटक्यांमुळे १९९४ मध्ये सेवेतून काढले होते व अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले होते.

सेवेत असताना भूसेनेच्या अधिकाऱ्याचे आरोग्य ‘शेप’ पद्धतीने वर्गीकृत करतात. मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता व दृष्टी यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले असून प्रत्येकास १ ते ५ पर्यंत श्रेणी देतात. १ म्हणजे सर्वत्र सर्व कामांस योग्य. प्रवेशद्वारी नाकारला गेला असता असा विकार पुढे उद्‍भवला, तरी अधिकारी लगेच सेवेबाहेर जात नाही. त्याची श्रेणी खाली येते व त्यास उंच प्रदेशाऐवजी सपाटीवरील रुग्णालयात नेमले जाते. म्हणजे जी लवचिकता प्रवेशाच्या वेळी नाही, ती सेवेत आहे. मानक केव्हा लावले जाते, यालाही महत्त्व असते. अल्पमुदतीच्या कमिशनवरील महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन देताना, सेवेची अनेक वर्षे उलटल्यावर, त्यांच्या तत्कालीन वयात सर्वोच्च श्रेणीची अट घालण्यात आली. त्यांच्याबरोबरच्या पुरुषांचे परीक्षण मात्र सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षीच झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च २०२१ च्या लेफ्टनंट कर्नल नितीशा खटल्यातील निर्णयात ही अट अशा प्रकारे लावणे मनमानीचे ठरविले.

नागरी वैद्यक शिक्षणाशी तुलना : पुण्यात अपात्र ठरलेला विद्यार्थी नागरी महाविद्यालयासाठी बहुधा पूर्णपणे पात्र असतो. वहन कोन, चष्म्याचा नंबर, रंगांधत्व किंवा थॅलॅसेमियाची वाहकावस्था यांपैकी काहीही तेथे आड येत नाही. अपंगत्वाच्या बाबतीतही नागरी शिक्षणाची दृष्टी बदलली आहे. वाणीचे ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी असे म्हटले, की केवळ टक्केवारीवरून प्रवेश नाकारता येत नाही. विद्यार्थी शिक्षणक्रम पुरा करू शकेल की नाही, हे मंडळाने प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. सैनिकी मानकांना हे तत्त्व अद्याप लागू झालेले नाही.

वाशिम येथे २०२४ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागरी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या डॉक्टरास सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेत अल्पमुदतीच्या कमिशनसाठी थेट अर्ज करता येतो. तेव्हाही वैद्यकीय मंडळ असतेच. परंतु उमेदवार विशी ओलांडलेला असल्यामुळे लेसर शस्त्रक्रियेसंबंधीची वयाची अट त्यास आड येत नाही आणि दुरुस्त होण्याजोगे दोष दूर करण्यास त्यास मधली पाचसहा वर्षे मिळालेली असतात.